पंगतीला दाता मिळतो, पगाराला नाही

बेघर मनोरुग्ण, निराधार म्हातारी माणसे, मतिमंद मुले यांना सांभाळणारी, एखाद्या कुटुंबाने चालवलेली छोटी घरे आता महाराष्ट्रात बरीच झाली आहेत, आणि त्यांच्याबद्दल जे लिहिले जाते त्याचा साचाही पक्का झाला आहे. एक ध्येयवेडे जोडपे असते. दोन्हीकडच्या नातेवाइकांचा विरोध असतो. सुरुवातीला पत्र्याची एक शेड असते. मग रस्त्यावर सापडलेल्या माणसाचा जटा-दाढीसकटचा एक फोटो, आणि अंघोळ घालून, केस कापून, धुतलेला सदरा चढवल्यानंतरचा दुसरा. लेखाखाली देणगीसाठी बँक खात्याचा क्रमांक. त्या दोन फोटोंच्या मधली अंघोळ कोणी घातली, हे मात्र लेखात नसते.

बहुधा ती जोडप्याने घातलेली नसते. पहिल्या दोन-चार वर्षांत घातली असेल. त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण माणसे पन्नासाच्या वर गेली की जोडप्याचा दिवस पोलीस ठाणे, तहसील, दवाखाना, देणगीदार आणि सत्कार यांत जातो. उवा काढणे, खरजेचे मलम लावणे, रात्री भिजलेली गोधडी बदलणे ही कामे शेजारच्या गावातून येणारी एखादी बाई किंवा गडी करतो. त्यांना ‘सेवक’, ‘ताई’, ‘मावशी’ म्हणतात. महिन्याला काही रक्कम हातावर ठेवतात, तिला मानधन म्हणतात. माझा मुद्दा या माणसांविषयी आहे. त्यांना ठरलेला पगार, ठरलेली पाळी आणि आठवड्याची सुटी मिळणे हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहेच. पण त्याहून जास्त तो त्या घरात ठेवलेल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. हे दुसरे आपण लक्षातच घेत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात हा विषय दूरचा नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जिल्ह्यातून जातो. तिकीट नसलेला, स्वतःचे नाव न सांगता येणारा माणूस यातल्याच एखाद्या फलाटावर उतरतो किंवा उतरवला जातो. शेगावला अन्न मिळते, म्हणून तो तिथे रेंगाळतो. दुसरीकडे, बुलढाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि अंगातली बाधा निघावी म्हणून हिंदू-मुसलमान सगळ्यांची कुटुंबे आपले आजारी माणूस घेऊन येतात. काही घरी परततात. काही माणसाला तिथेच ठेवून परततात. त्या कुटुंबांना दोष देण्याआधी एवढे पाहावे, की राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आजवर चार ठिकाणी: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. त्यातले वऱ्हाडासाठीचे नागपूर चिखलीहून तीनशे किलोमीटरहून लांब. मजुरी बुडवून, बिथरलेला माणूस एसटीत बसवून तिथवर नेणे कसे असते, हे ज्याने केले त्यालाच माहीत.

या पोकळीत छोटी घरे उभी राहिली. चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ इथे नंदकुमार आणि आरती पालवे या दाम्पत्याने रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी ‘सेवासंकल्प’ उभे केले. नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘माऊली’ काढले. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वझ्झरला, शंकरबाबा पापळकरांनी शंभरावर अपंग, अनाथ मुलांना बाप म्हणून स्वतःचे नाव दिले. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही माणसे नसती तर त्यांच्या घरातली कितीतरी माणसे आज जिवंत नसती. पुढे जे लिहिले आहे ते यांतल्या कोणत्याही संस्थेवरचे बोट नाही. ते या प्रकारच्या घरांच्या रचनेवर आहे, आणि ती रचना समजून घ्यायची तर आधी तिचे बळ मान्य करावे लागते.

बळ रात्रीचे आहे. सरकारी मनोरुग्णालयात डॉक्टर असतात, औषधे असतात. पण रात्री दोन वाजता ओरडत उठलेल्या माणसाला नावाने हाक मारणारे कोणी जवळ असेलच असे नाही. छोट्या घरात असते. तिथे वीस खाटांमागे एक माणूस त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली झोपलेले असते आणि कोण कशाला घाबरते हे त्याला ठाऊक असते. बेल्जियममधल्या गील या गावात मध्ययुगापासून सामान्य कुटुंबे मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेत आली. दुसऱ्या महायुद्धाआधी अशा पाहुण्यांची संख्या तीन हजारांच्या वर गेली होती. तिथला अनुभव हाच, की ओळखीचे माणूस आणि रोजचे काम यांनी जे होते ते भिंतींनी होत नाही. पण गीलच्या बाबतीत एक गोष्ट सांगायची राहून जाते. तिथे माणसे आणि पैसा यांचा हिशेब ठेवणारे रुग्णालय पाठीशी आहे, आणि ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचे पैसे मिळतात. पैसे घेतले म्हणून माया आटली, असे तिथे कोणी म्हणत नाही.

आता आपल्याकडची एक बाई. संस्थेचे नाव सांगत नाही, बाईचेही नाही. चाळिशीची, घरी दोन एकर कोरडवाहू, नवरा अंथरुणाला. ती रात्रपाळी करते. पाळी म्हणजे संध्याकाळी सहा ते दुसरी बाई येईल तोवर. एका संध्याकाळी ती गोळ्या वाटत होती आणि मी शेजारी बसलो होतो. प्रत्येकाची एक प्लास्टिकची डबी, डबीवर चिकटपट्टीने नाव. ज्यांचे नाव कळलेले नाही त्यांच्या डबीवर ते जिथे सापडले ते गाव: ‘नांदुरा’, ‘दुसरबीड’, ‘देऊळगाव’. गोळी हातावर ठेवली, पाणी पाजले, की ती लगेच काहीतरी विचारी. आज भाजी कशाची होती? चहात साखर होती का? मला वाटले, गप्पा मारते आहे. मग लक्षात आले. गोळी गालात किंवा जिभेखाली दडवली असेल तर उत्तर बोबडे येते. ‘दुसरबीड’ नुसताच हसला, तेव्हा तिने त्याच्या हनुवटीखाली बोट धरून पुन्हा विचारले, आणि तो ‘वांगं’ म्हणाल्यावरच पुढे सरकली.

कोपऱ्यातल्या खाटेवरचा म्हातारा उशीखाली भाकर लपवतो. मुंग्या होतात, उंदीर येतात. नव्याने आलेल्या पोराने ती भाकर फेकून दिली होती, तर म्हातारा रात्रभर बसून राहिला आणि पहाटे त्या पोराच्या अंगावर गेला. ही बाई रोज रात्री शिळी काढते आणि तिथेच ताजी चतकोर ठेवते. हे तिला कोणी शिकवले नाही, कोणत्या वहीत लिहिलेले नाही, आणि ती उद्या आली नाही तर त्या घरातून निघून जाणार आहे.

तिच्या मनगटावर चावल्याचा व्रण होता. मी विचारले, तर म्हणाली, “चावली एक जण. तिचा काय दोष जी, तिले तं समजत नाही. पण सांगू कोनाले? ताईले सांगतलं तं ताई म्हनते, आपलंच लेकरू समजून घे. आता आपल्याच लेकराची तक्रार मी करू कशी?”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. संस्थेच्या ताई खोटे बोलत नव्हत्या. त्या स्वतः तसेच समजतात, त्यांनाही चावे बसलेले आहेत. पण मालकिणीने स्वतःपुरते जे व्रत घेतले, ते तिने मजुरावरही घातले, आणि तेही मजुराला न विचारता. धनुर्वाताचे इंजेक्शन कोणाच्या खर्चाने, दुसऱ्या दिवशीची सुटी भरपगारी की बिनपगारी, त्या रुग्णाची गोळी बदलायची गरज आहे का, हे तीन साधे प्रश्न ‘लेकरू’ म्हणताक्षणी विचारण्याच्या पलीकडे गेले. त्यातला तिसरा प्रश्न रुग्णाच्या हिताचा होता. तोही गेला.

पगार का नाही, याचे उत्तर संस्थाचालक प्रामाणिकपणे देतात: पैसा नाही. हे निम्मे खरे आहे. पैसा येतो, पण जेवणासाठी येतो. आजोबांची पुण्यतिथी, मुलाचा पहिला वाढदिवस, लग्नाचा पंचविसावा वर्षदिन, असे काही असले की माणसे गाड्या करून येतात, पंगत देतात, जिलेबी वाढतात, फोटो काढून जातात. पितृपक्षात तर एका दिवशी तीन-तीन पंगती. मधुमेह असलेल्या म्हाताऱ्यांना शिऱ्यापासून आवरायचे कसे, हाच तेव्हा बाईंचा मुख्य उद्योग. उलट मृगात, पेरणीच्या तोंडावर, सगळ्यांचा पैसा बियाण्यात आणि खतात गुंतलेला असतो, तेव्हा कोणी फिरकत नाही. गोधड्या, जुने कपडे, फळे, पंखे, पाण्याची टाकी या सगळ्यांना दाता मिळतो. रात्रपाळीला मिळत नाही. पगाराची पावती फोटोत धरता येत नाही आणि तिच्यावर वडिलांचे नाव कोरता येत नाही. दात्याचा हात जिथे दिसतो तिथेच तो पैसा टाकतो; त्यामुळे या घरांत ताटे भरपूर आणि ती धुणारे हात कमी, असा प्रकार होतो. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की तेही हात कमी होतात, कारण शेतात रोज जास्त पडतो. दिवाळीच्या आगेमागे अशा घरात जाऊन पाहावे. ओट्यावर फराळाचे डबे रचलेले असतात आणि साठ माणसांमागे दोन बाया असतात.

कायद्याने तरी या घरांतल्या माणसांना हात द्यावा, तर तो दारापर्यंत येऊन थांबतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 पुष्कळ चांगला आहे. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण आढळला तर त्याला संरक्षणात घेणे, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेणे, हरवल्याची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेणे ही त्या कायद्याने पोलिसांची जबाबदारी केली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ठाण्यातून संस्थेला फोन जातो. या कायद्याने रुग्णाला काही साधे, फार मोलाचे हक्क दिले: जबरदस्तीने डोके भादरायचे नाही, जबरदस्तीने काम करून घ्यायचे नाही, काम केले तर मोबदला द्यायचा, त्याच्या संमतीवाचून त्याचा फोटो माध्यमांना द्यायचा नाही. सुरुवातीला सांगितलेले ते दोन फोटो या हक्कांपुढे ठेवून पाहावेत. जटा कापायला संमती कोणी दिली? फोटोला कोणी दिली? उवा आणि जखमा असताना केस कापावे लागतात, हे मला मान्य आहे. फोटो मात्र औषधोपचारात मोडत नाही. आणि बरा झालेला जो पोरगा रोज चाळीस जणांच्या पोळ्या लाटतो, त्याच्या कामाला ‘पुनर्वसन’ म्हणून सोडून द्यायचे, की मोबदल्याच्या कलमात बसवायचे?

या कायद्याने मनोरुग्ण जिथे आपल्या नातेवाइकांसोबत किंवा मित्रांसोबत राहतो, ते कौटुंबिक निवासस्थान आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. ते योग्यच. पण विश्वस्त संस्थेने चालवलेली घरे त्याने स्पष्टपणे कक्षेत घेतली, नोंदणी बंधनकारक केली. तेव्हा ‘आम्ही संस्था नाही, कुटुंब आहोत’ हे भाषणात चालेल, नोंदणीच्या अर्जावर चालणार नाही. कामगारांच्या बाजूचे चित्र याहून वाईट. 1978 साली बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी धर्मादाय संस्थांचाही विचार केला होता. जिथे माणसे पगारासाठी नव्हे तर ध्येयापायी राबतात ती संस्था उद्योग नाही; पण जिथे मालकाचे ध्येय धर्मादाय असले तरी काम मजुरीवर करून घेतले जाते, तिथे कामगाराला उद्योगातले हक्क आहेत. दान मालकाचे असते, कामगाराचे नव्हे, हा त्यामागचा साधा न्याय. 2025 च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही रेघ पुसली. धर्मादाय आणि समाजसेवी संस्था, आणि त्यांच्याबरोबरच घरकाम, हे दोन्ही तिने ‘उद्योगा’च्या व्याख्येबाहेर ठेवले. आपली ती रात्रपाळीची बाई दोन्ही बाजूंनी बाहेर: संस्था धर्मादाय, काम घरातले. उद्या तिला येऊ नको म्हटले, तर औद्योगिक न्यायाधिकरणाची पायरी तिच्यासाठी नाही.

याचा रुग्णाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तामिळनाडूतल्या एरवाडीचे उदाहरण घेऊ. तिथेही दर्गा होता, सैलानीसारखीच दूरदूरहून कुटुंबे आपली आजारी माणसे आणत, आणि दर्ग्याभोवती त्यांना ठेवून घेणारी खासगी घरे उभी राहिली होती. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे त्यांतल्या एका घराला आग लागली. माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. 28 जण मेले. ते घरही एका कुटुंबाचेच होते. चालक, त्याची बायको आणि नातेवाईक यांना पुढे शिक्षा झाली. शेजाऱ्यांना, भाविकांना, तिथे पाणी भरणाऱ्यांना साखळ्या दिसत नव्हत्या असे थोडेच आहे. पण आत राबणारा प्रत्येक जण एकतर घरचा असणार किंवा घरच्यांच्या मेहरबानीवर असणार.

एरवाडी क्रूरतेचे उदाहरण म्हणून बाजूला सारता येईल, म्हणून उलट टोकाचे एक घेतो. फ्रान्समध्ये 1964 साली जाँ व्हानिए याने दोन मतिमंद पुरुषांना संस्थेतून काढून आपल्या घरी आणले आणि ‘लार्श’ सुरू केले. मतिमंद आणि धडधाकट यांनी एका छोट्या घरात एकत्र राहायचे, एका टेबलावर जेवायचे. कल्पना सुंदर होती, जगभर पसरली. 1970 पासून भारतातही आहे. व्हानिएला लोक जिवंतपणीच संत मानत. 2019 साली तो वारला, आणि 2020 च्या फेब्रुवारीत लार्शनेच नेमलेल्या चौकशीने सांगितले, की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्याने सहा स्त्रियांचे शोषण केले होते. त्या मतिमंद नव्हत्या. त्यांच्यात तिथे मदतनीस म्हणून आलेल्या होत्या, धर्मभगिनी होत्या. त्या इतकी वर्षे का बोलल्या नाहीत? मला वाटते, संताविरुद्ध तक्रार लिहायला कागदच नसतो म्हणून. लार्शचे थोरपण एवढेच, की त्यांनी चौकशी स्वतः केली आणि छापली.

या दोन टोकांच्या मध्ये आपली घरे आहेत, आणि बहुतेक भली आहेत. पण आतला माणूस बोलू शकत नाही, तर संस्थाचालकाचा भलेपणा हेच रुग्णाचे एकमेव कुलूप उरते. देणगीदार दोन तास येतो, त्याला धुतलेली फरशी दिसते. अधिकारी कळवून येतो. रात्री काय घडते हे एकाच माणसाला माहीत असते, आणि ते माणूस त्या घराचे उपकृत असेल, तर ते डोळे असून नसल्यासारखे. पगारपत्रकावर जिचे नाव आहे, जिला नियुक्तीचा कागद दिलेला आहे, जी ही नोकरी सोडून दुसरीकडे जाऊ शकते, तीच बाई ‘काल त्या पोरीला बांधून ठेवले होते’ असे बाहेर सांगू शकते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: पगारी माणसे आली की सरकारी दवाखाना होईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पगार भरपूर आणि माया शून्य अशी वॉर्डे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण तिथे माया आटली ती पगारामुळे, की एकेका माणसावर टाकलेल्या रुग्णांच्या संख्येमुळे? भाकर बदलणाऱ्या त्या बाईला उद्या रीतसर पगार सुरू झाला तर ती भाकर बदलायचे थांबेल, असे ज्यांना वाटते त्यांनी स्वतःच्या पगाराकडे पाहून सांगावे. कोणी शेगाव संस्थानच्या सेवेकऱ्यांचेही उदाहरण देईल. संस्थानचा कारभार सांभाळणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटलांची तर ख्याती अशी, की संस्थानचे पाणीसुद्धा ते घेत नसत. पण सेवेकरी आपल्या पाळीचे दिवस देतो आणि शेतावर, घरी परत जातो. त्याची चूल संस्थानवर पेटत नाही. ज्याची चूल त्या कामावर पेटते त्याला सेवेकऱ्याची व्रते लावू नयेत.

दुसऱ्या पिढीचा प्रश्नही आहे, थोडक्यात सांगतो. जोडपे थकते. मुलगा तिथेच वाढलेला असतो. त्याने हे आयुष्य निवडलेले नसते. संस्था मुलाकडे गेली तर घराणेशाही म्हणून लोक बोलतात, न गेली तर दार बंद होते. आनंदवनासारख्या मोठ्या, सत्तर वर्षांच्या संस्थेतही 2020 साली कुटुंबातले मतभेद चव्हाट्यावर आले आणि त्याचा शेवट फार दुःखद झाला. छोट्या घराला तर तो धक्का सोसणारच नाही. दहा वर्षे पगारावर टिकलेली चार माणसे घरात असतील, तर संस्था त्यांच्या खांद्यावर तरी उभी राहते.

करायचे काय, तर फार काही नाही. शासनाने अनुदान द्यायचेच तर जेवणावर माणशी न देता रात्रपाळीवर द्यावे. आणि दात्यांनी पंगतीऐवजी पाळी घ्यावी: एका बाईचा एका महिन्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधीसकट. हे मी चिखलीतल्या एका व्यापाऱ्याला सांगून पाहिले. माणूस सज्जन, वडिलांच्या नावे दरवर्षी पंगत देतो. त्याने हिशेब मांडला, पंगतीच्या पैशांत एका बाईचे दोन महिने सहज निघत होते. तो तयार झाला, पैसेही दिले. भाद्रपद लागला तसा त्याचा फोन आला. म्हणाला, “भाऊ, तुमचं म्हणणं पटते मले. पण माय म्हणते, बाबाच्या नावानं पानावर काही पडलंच नाही यंदा. त्या पैशातला उरला असेल तेवढा पगार ठेवा, अन् बाकीच्यात शिरा-पुरी होऊन जाऊ द्या.” शिरा-पुरी झाली. त्या रात्री एकशे दहा ताटे होती, आणि धुवायला तीच एक बाई.